पुढचं कुणी विचारत नाही

कामाचा दिवस, पहिल्या पाळीची वेळ, आणि जस्टिन साळवे घराच्या ओट्यावर बसून मटार सोलत होता. वाटीभर विरजण मागायला आलेल्या लंकाबाईंनी ते पाहिलं. विरजण मिळालं तरी त्या गेल्या नाहीत. वाटी पदराखाली धरून उभ्या राहिल्या.

"जस्टिन, आज कामावर न्हाई?"

"सुट्टी आहे, काकू."

"कसली?"

"कंपनीची."

"आमचा पुंजाराम तर गेला मगाशी डबा घिऊन. त्याची कंपनी तुमच्या कंपनीच्या भिंतीला लागूनच हाय ना?"

जस्टिनने सोललेली शेंग पुन्हा सोलली. आतून त्याची बायको दीना म्हणाली, "काकू, प्रत्येक कंपनीची सुट्टी वेगळी असते."

लंकाबाईंनी मान हलवली. ती पटल्याची मान नव्हती, लक्षात ठेवल्याची होती. दुसऱ्या दिवशी त्या कोथिंबीर मागायला आल्या. तिसऱ्या दिवशी काहीच न मागता आल्या.

जस्टिनची नोकरी गेली होती. श्रीरामपूरच्या बाहेर एका औषधाच्या कारखान्यात तो प्रयोगशाळेत काम करायचा. कारखान्याने एक यंत्र आणलं. ते यंत्र जस्टिनचं काम करत होतं आणि चहाला जात नव्हतं. यात लपवण्यासारखं खरं तर काही नव्हतं, पण जस्टिनच्या आईने, राहीबाईंनी, नाताळच्या उपासनेत देवाच्या कृपेची साक्ष दिली होती. चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर उभं राहून, माइक दोन्ही हातांत धरून त्या म्हणाल्या होत्या, "माज्या लेकाला प्रभूनं नोकरीत कायम केलं. ज्यांनी ज्यांनी त्याला नावं ठेवली, त्यांनी बगावं." हे म्हणताना त्यांनी डावीकडच्या बाकावर नजर टाकली होती आणि त्या बाकावर लंकाबाई बसल्या होत्या. कायम करण्याबद्दल साहेब फक्त तोंडी बोलले होते. राहीबाईंना तेवढं पुरलं.

"आता नोकरी गेली म्हनून सांगितलं, तर साक्ष खोटी पडंल," राहीबाई म्हणाल्या. "माजं सोड. देवाचं नाव खाली जाईल."

"देवाने कायम केलंच नव्हतं मम्मी. मॅनेजरनेही नव्हतं केलं."

"गप ऱ्हा तू. दुसरी नोकरी लागूस्तोवर कुनाला कळता कामा न्हाई."

दुसरी नोकरी जवळपास लागल्यातच जमा होती. त्यांच्याच मंडळीतले शिरसाठसाहेब एका दूध प्लांटमध्ये मोठ्या हुद्द्यावर होते. तिथल्या प्रयोगशाळेत एक जागा होती. जस्टिनची मुलाखत झाली होती, चांगली झाली होती. "ही गोष्ट आपल्यातच राहू दे साहेब," असं जस्टिनने सांगितलं आणि शिरसाठसाहेबांनी शब्द दिला. पंधरवड्यात कळवतो म्हणाले. प्रश्न एवढाच होता की तोवर लंकाबाईंचं काय करायचं.

असा प्रश्न पडला की साळव्यांच्या घरी एकाच माणसाला बोलावत. राहीबाईंचे थोरले भाऊ कृपादान तोरणे, निवृत्त मुख्याध्यापक. संसारातल्या अवघड प्रसंगांवर त्यांच्याकडे उपाय असत. पाहुणे उठतच नसतील तर निरोपाची प्रार्थना सुरू करावी आणि शेवटी "आपापल्या घरी जाणाऱ्यांचा प्रवास सुखाचा कर" असं ठासून म्हणावं. पाहुण्यांना आमेन म्हणावंच लागतं. कुणी नवं घर दाखवायला लागलं तर प्रत्येक खोलीत "हवेशीर आहे" म्हणावं, संडासातसुद्धा. जायचं नसलेल्या लग्नाचं बोलावणं आलं तर डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय असं कळवावं. हा शेवटचा उपाय त्यांनी स्वतः वापरून पाहिला होता, आपल्या मुलाच्या लग्नात. रविराजने पुण्यात परस्पर मुलगी पसंत केली, ती आपल्या मंडळीतली नव्हती, आणि मामांना डॉक्टरांनी प्रवास बंद केला. उपाय इतका लागू पडला की तेव्हापासून रविराजही श्रीरामपूरचा प्रवास करत नव्हता.

मामांनी चहा बशीत ओतला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही खोटं काय सांगितलंत?"

"सुट्टी," दीना म्हणाली.

"तिथेच चुकलात. खोट्याला तपशील लागतो आणि तपशील तपासता येतो. खोटं बोलायचंच नाही. कुणी विचारलं, जस्टिन घरी कसा? तर डोळे खाली करायचे आणि म्हणायचं, प्रार्थना करा."

"एवढंच?"

"एवढंच. यात खोटं एक अक्षर नाही. आणि आपल्या लोकांत याच्यापुढे कुणी विचारू शकत नाही. विचारलं तर ते प्रार्थना करत नाहीत, चौकशी करतात, असा अर्थ होतो. माझंच बघा. रविराज कधी येणार, सून कशी आहे, नातवंड आहे का, किती विचारायचे लोक! मी म्हणायला लागलो, प्रार्थना करा. आता कुणी विचारतसुद्धा नाही."

हे त्यांनी हसत सांगितलं आणि बशी उचलली. दीना शिकवणीत विज्ञान शिकवायची. कुठल्याही उपायाचे दुष्परिणाम काय, हे विचारायची तिला सवय होती. ती विचारणार होती. पण राहीबाई आधीच म्हणाल्या, "दादा, तुजं डोकं म्हंजे डोकं हाय बग."

लंकाबाई चौथ्या दिवशी आल्या तेव्हा राहीबाईंनी डोळे खाली केले. "काय सांगू लंकाबाई. प्रार्थना करा."

लंकाबाईंचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. मग मिटलं. त्यांनी राहीबाईंच्या खांद्यावर हात ठेवला, ओट्यावरच्या जस्टिनकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता निघून गेल्या. जाताना फाटकही हळू लावलं. गेल्या कित्येक वर्षांत ते फाटक त्यांनी हळू लावलं नव्हतं.

"बगितलं?" राहीबाई खूश झाल्या.

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होता. बुधवारी महिला मंडळाची घरप्रार्थना असे आणि या बुधवारी ती लंकाबाईंच्या घरी होती. राहीबाई गेल्या नसत्या तर लोकांनी विचारलं असतं, म्हणून गेल्या. दोन गीतं झाली, वचन वाचून झालं. मग प्रार्थनेच्या विनंत्या सुरू झाल्या. कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलाची बारावी. लंकाबाई शेवटी बोलल्या.

"बायांनो, एक विनंती हाय. मी नाव घेनार न्हाई. आपल्याच गल्लीत, पेरूचं झाड हाय त्या घरात, एक तरुन मानूस हाय. तरनंताठं पोरगं. तो हल्ली घरीच असतो. काय झालंय ते घरची मानसं सांगत न्हाईत. आपुन विचारू बी नये. फक्त त्याच्या अंथरुनावर प्रभूचा हात ऱ्हावा."

गल्लीत पेरूचं झाड एकच होतं. त्या झाडाची मालकीण समोर गुडघ्यांवर बसली होती. सगळ्या बायकांनी डोळे मिटले, पण पुरते नाही. आपल्या धडधाकट मुलाच्या आजारासाठी चाललेली प्रार्थना ऐकताना राहीबाईंना गेलेली नोकरी आठवली, साक्ष आठवली, आणि त्यांना रडू फुटलं. रडणं खरं होतं. तेवढ्याने पुरावा पूर्ण झाला.

"आमेन," बायका म्हणाल्या. निघताना एकीने राहीबाईंच्या हातात पाव ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून डबे यायला लागले.

आजाऱ्याच्या घरी चूल पेटू नये अशी त्या गल्लीत रीत होती. सकाळी मुगाची खिचडी, दुपारी कोंबडीचा रस्सा, संध्याकाळी दुधीची भाजी आणि मऊ भात. स्टीलचे डबे, प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं. आणणारी बाई दारातच उभी राहायची, चप्पल काढायची नाही, आवाज खाली घ्यायची.

"जेवतो का गं थोडंफार?"

जस्टिन आत तिसरी वाटी रस्सा पीत असायचा. दीना म्हणायची, "हो, जेवतो."

"खाऊ दे पोराला. मागंल ते खाऊ दे."

या 'मागंल ते'मध्ये काय अर्थ दडलाय हे दीनाला कळायचं. ती राहीबाईंना म्हणाली, "मम्मी, आता सांगून टाकू. हे वाढत चाललंय."

"काय सांगू? खिचडी खाल्ली, आता नोकरी गेली म्हनून सांगू? आठ दिस कळ काढ. शिरसाठसाहेबांचा निरोप आला की पोरगं कामावर जाईल. लोक म्हंतील, प्रार्थना ऐकली. साक्षीवर साक्ष हुईल."

कृपादान मामा रोज संध्याकाळी येऊ लागले. ते एकटे राहत आणि एकट्यापुरतं शिजवण्याचा त्यांना कंटाळा होता. येताना ते एक रिकामा डबा आणत आणि जाताना भरून नेत. "अन्न वाया जाऊ नये," ते म्हणत. त्यांच्या डब्यावर छान वळणदार अक्षरांत कोरलेलं होतं: चि. रविराज व चि. सौ. कां. रेश्मा यांस. रविराजच्या लग्नात द्यायला म्हणून भांडी घेतली होती, नावं घालून झाली होती, आणि मग डॉक्टरांनी प्रवास बंद केला. भांडी तशीच राहिली होती. त्यातला हा डबा मामा वापरत.

"मामा, लोकांना वाटतंय जस्टिनला काहीतरी मोठं झालंय," दीना म्हणाली.

"तू सांगितलंस तसं?"

"नाही."

"मग तू जबाबदार नाहीस. दोडक्याची आहे का आज? तीही थोडी घाल."

याच आठवड्यात जस्टिनच्या डोक्याचा घोळ झाला. केस वाढले होते. न्हाव्याकडे जायचं तर तो विचारणार, कामाच्या वारी कसं काय? म्हणून जस्टिनने आरशासमोर बसून मशीनने घरीच केस कापायला घेतले. कानामागे मशीन घसरलं आणि एक पट्टा गेला. दुसरी बाजू जुळवताना तिथला पट्टा मोठा गेला. जुळवता जुळवता शेवटी जुळवायला काही उरलंच नाही. तो टक्कल घेऊन कचरा टाकायला फाटकापर्यंत गेला. समोरच्या ओट्यावर लंकाबाई गहू निवडत होत्या. त्यांच्या हातातलं सूप खाली टेकलं.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "केमो सुरू झाला."

हे नाव एकदा उच्चारलं गेल्यावर कसलाच संशय उरला नाही. उलट आधीच्या सगळ्या गोष्टी त्यात चपखल बसल्या: घरी असणं, न सांगणं, राहीबाईंचं रडणं. पुंजाराम रक्तगट विचारून गेला. रस्त्यावरची मुलं साळव्यांच्या घरासमोर क्रिकेट खेळायची बंद झाली. जस्टिन ओरडून सांगत होता, "अरे, मशीन घसरलं!" आणि लोक म्हणत होते, "व्हय व्हय. मशीनच की."

शुक्रवारी शिरसाठसाहेब आले. राहीबाईंनी बाहेरच्या खोलीतला पंखा लावला आणि बंद केला, कारण साहेब म्हणाले, "नको, त्याला वारा लागेल." त्यांनी शहाळी आणली होती. जस्टिनच्या गुळगुळीत डोक्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि नंतर बोलताना सगळा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले.

"कसं काय राहीबाई?" त्यांनी विचारलं.

आता या माणसाला नोकरी गेल्याचं सगळं माहीत होतं. यांच्यासमोर काहीच लपवायचं नव्हतं. पण राहीबाईंच्या जिभेला गेल्या काही दिवसांत वळण पडलं होतं. "काय सांगू साहेब," त्या म्हणाल्या, "प्रार्थना करा."

"मम्मी!" दीना म्हणाली.

शिरसाठसाहेबांचे डोळे भरून आले. "मला आधीच समजायला हवं होतं," ते जस्टिनला म्हणाले. "नोकरी का गेली म्हणून मी विचारलं, तेव्हा तू म्हणालास, यंत्र आणलं. मला तेव्हाच वाटलं, एवढ्या हुशार मुलाला यंत्रासाठी कोण काढेल? तू आजार लपवलास. माझी अडचण नको म्हणून लपवलास. मोठ्या मनाचा आहेस."

"साहेब, मला काहीही झालेलं नाही."

"अशीच हिंमत ठेव."

"हिंमत नाही साहेब. खरंच काही झालेलं नाही! हे केस मी स्वतः कापलेत."

"गळायला लागले की आपणच कापावेत. माझ्या मेहुण्यानेही तेच केलं होतं." साहेब उठले. "आणि त्या जागेचं टेन्शन अजिबात घेऊ नकोस. तुझ्या डोक्यावरचा भार आजच सकाळी मी काढून टाकला. दुसऱ्या एका मुलाला घेतलं. तू फक्त बरा हो."

साहेबांनी जस्टिनच्या पाठीवर हळुवार, अगदी हळुवार थोपटलं, जणू ती पाठ काचेची होती, आणि ते गेले. त्यांनीही फाटक हळू लावलं.

"दोघांनी अर्धं अर्धं सांगितलं," दीना म्हणाली. "यांनी नोकरीचं सांगितलं, गल्लीने आजाराचं. साहेबांनी जोडलं."

राहीबाई शहाळ्यांकडे बघत होत्या. "रविवारी सांगू," त्या बारीक आवाजात म्हणाल्या. "उपासना झाली की पाळकसाहेबांना एकट्याला गाठून सांगू."

पण रविवारी पाळकसाहेबांना एकट्याला गाठायची वेळच आली नाही. प्रवचन संपताच त्यांनी स्वतःच पुकारलं: आपला बंधू जस्टिन याने पुढे यावं, सगळी मंडळी त्याच्यासाठी गुडघे टेकेल. पुढच्या बाकांवरून बायकांचे हुंदके सुरू झाले. जस्टिन गेला. पाळकसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ते इतकं गुळगुळीत होतं की हात कपाळावर घसरत होता आणि ते पुन्हा वर नेत होते. "प्रभू, या तरुणाच्या रक्तातला प्रत्येक दोष..."

"पाळकसाहेब, मला बोलायचंय," जस्टिन म्हणाला.

साक्ष द्यायची असेल असं वाटून पाळकसाहेबांनी माइक पुढे केला.

"मंडळीला सलाम," जस्टिन म्हणाला. "मला काहीही झालेलं नाही. माझी नोकरी गेलीय. पंधरा-वीस दिवस झाले. केस मशीन घसरल्यामुळे गेले. बाकी मी ठणठणीत आहे."

मागच्या बाकावरून कुणीतरी सवयीने "आमेन" म्हणालं. गुडघ्यांवर बसलेली माणसं एकेक करून उठू लागली. म्हाताऱ्यांना उठायला वेळ लागत होता, आणि तो सगळा वेळ जस्टिन माइक धरून उभा होता. डावीकडच्या बाकावरून लंकाबाईंचा आवाज आला. फार मोठा नव्हता, पण चर्चचा घुमट चांगला होता.

"म्हंजे नाताळाला कायम केल्तं ते?"

राहीबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला तो घरी पोचेपर्यंत मागे घेतला नाही.

बाहेर चिंचेखाली जस्टिनने शिरसाठसाहेबांना गाठलं. "साहेब, आता तरी..."

"जागा भरली रे. शुक्रवारीच सांगितलं तुला." या वेळी साहेब कॅलेंडर नसतानाही भलतीकडे बघत होते. "आणि रागावू नकोस, पण आमच्याकडे दुधाच्या रिपोर्टवर सही करायची असते. लोकांची लेकरं ते दूध पितात. ज्या घरात एवढी साधी गोष्ट इतके दिवस कुणी सरळ सांगितली नाही..."

"मी तुम्हाला सरळ सांगितलं होतं साहेब. तुम्ही म्हणालात, अशीच हिंमत ठेव."

साहेबांनी स्कूटर सुरू केली.

सोमवारपासून लोक डबे न्यायला आले. जे डबे आजारपणात पंधरा दिवस पडून राहिले असते तरी कुणी मागितले नसते, त्यांची आता सगळ्यांनाच गरज पडली होती. रिकामा डबा परत देऊ नये ही राहीबाईंच्या सासूपासूनची शिस्त, त्यामुळे प्रत्येक डब्यात त्या आपल्या झाडाचे पेरू घालून देत होत्या. दोन दिवसांत झाड ओकंबोकं झालं. लंकाबाईंचे दोन डबे होते. त्यांनी झाकणं उघडून पाहिली.

"पिकल्यालं न्हाईत."

"हुतं तेच घातलं."

"ऱ्हाऊ द्या. आमी खिचडी नीट शिजवून दिल्ती, एवढंच म्हंते."

डब्यांची जागा सल्ल्यांनी घेतली. पुण्यात वॉचमनची जागा आहे. शेळ्या पाळा. स्पर्धा परीक्षा दे, पण आता वय गेलं. डोक्यावर केस येईस्तोवर मुलाखतीला जाऊ नको. आठवडाभरात सल्लेही थांबले. जस्टिन आता उघडपणे, भर सकाळी ओट्यावर बसून हरभरा सोलायचा आणि लोक समोरून जाताना मोबाईलमध्ये बघायचे. कुणी काही विचारत नव्हतं.

कृपादान मामाही यायचे थांबले. शेवटच्या संध्याकाळी विसरलेला त्यांचा डबा तेवढा साळव्यांच्या फळीवर राहिला होता. बाकी सगळे नेले गेले, तो उरला. चि. रविराज व चि. सौ. कां. रेश्मा.

"टाकून दे तो उकिरड्यावर," राहीबाई म्हणाल्या. "त्याच्या उपायानं माजं घर बुडालं."

"रिकामा कसा देऊ?" दीना म्हणाली. तिने त्यात पिठलं-भाकरी भरली आणि दुपारी मामांच्या घरी गेली.

मामा लुंगी-बनियनवर होते. दोन आठवड्यांत वाळल्यासारखे दिसत होते. डबा बघून त्यांचा चेहरा उजळला, पण त्यांनी तो सावरला. "राही रागावलीय ना? सांग तिला, उपाय चुकीचा नव्हता. त्याचं प्रमाण जास्त झालं." त्यांनी उभ्याउभ्याच झाकण काढून भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला. "मीठ कमी पडलंय."

"मामा, रविराज कधी येणार?"

"प्रार्थना कर."

"करते. काय मागू?"

मामांचा घास थांबला.

"म्हणजे?"

"म्हणजे नक्की काय मागायचं? तो यावा? की त्याने फोन करावा? की तुम्ही करावा? मला गुडघ्यांवर बसल्यावर देवाला काहीतरी सांगावं लागेल ना."

"असं विचारायचं नसतं दीना." मामांचा आवाज मुख्याध्यापकाचा झाला, पण अर्ध्यातच खाली आला. "एकदा म्हटलं, की पुढचं विचारायचं नसतं. त्यावरच तर सगळं चालतं."

"माहितीय. म्हणून विचारतेय."

मामा डब्यावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिले. या प्रसंगाचा उपाय न सांगताच ते पुन्हा भाकरी खायला लागले. दीना निघाली.

कोपऱ्यावर लंकाबाई उभ्या होत्या. "काय गं, मामाकडं गेल्तीस? डबा घिऊन? बरे हायत का ते?"

दीनाच्या ओठांवर तेच दोन शब्द आले होते. तिने ते गिळले. यापुढे फक्त खरं बोलायचं, तेही सगळं, असं तिने ठरवलं होतं.

"बरे आहेत काकू. पिठलं दिलं. मीठ कमी आहे म्हणाले."

"मीठ कमी?"

"हो. मिठाबद्दलच बोलले."

लंकाबाईंनी हळूच मान हलवली. "वाळल्यात लई," त्या म्हणाल्या. "मी कालच बगितलं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दीना मामांना बघायला गेली तेव्हा मामांच्या उंबऱ्यात तीन डबे उभे होते. दुधीची भाजी, मऊ भात, मुगाची खिचडी. मामा हरखले होते. "मंडळी अजून विसरलेली नाही मला," ते म्हणाले आणि त्यांनी तिन्ही डब्यांतलं थोडं थोडं ताटात घेऊन पाहिलं. मग त्यांनी पुन्हा चाखलं. तिन्ही डबे अळणी होते.

"दीना, हे लोक म्हणतायत की माझी किडनी..."

तेवढ्यात फोन वाजला. मामांनी चष्मा वर करून नाव वाचलं आणि फोन हातात धरूनच ठेवला. दीनाने वाकून पाहिलं. रविराज होता. महिला मंडळाच्या ग्रुपवर बातमी सकाळीच पडली होती आणि त्या ग्रुपचे धागे पुण्यापर्यंत होते.

"घ्या ना मामा!" दीनाने स्वतःच बटण दाबलं.

"पप्पा," पलीकडून आवाज आला. इतक्या वर्षांनी ऐकलेला, आधीपेक्षा जाड झालेला. मागे कुठेतरी लहान मूल रडत होतं. "पप्पा, किडनीचं ऐकलं. काय झालंय नक्की?"

दीना दोन्ही हातांनी खुणा करत होती: काही नाही म्हणा. ये म्हणा. भेटावंसं वाटतं म्हणा. मामांनी तिच्याकडे पाहिलं, घसा खाकरला, डोळे खाली केले. तोंड उघडलं, आणि इतकी वर्षं तोंडात मुरलेलं तेच बाहेर पडलं.

"प्रार्थना कर."

पलीकडे मूल रडायचं थांबलं. रविराज काहीतरी म्हणेल म्हणून दीना थांबली, मामाही थांबले.

"बरं," रविराज म्हणाला.

फोन बंद झाला. त्यांचाच मुलगा तो. पुढचं विचारलं नाही.